जर रोपं रोगट असती तर

असोदा
रविवार, १ डिसेंबर २०२४

दिपमाला,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट फाडलंस की तसंच फ्रिजवर टाकलंस, मला कळायला मार्ग नाही. आपण बोलून सव्वातीन वर्षं झाली. माझा नंबर तू अडवून ठेवला आहेस. ज्योत्स्नाच्या फोनवरून लावता आला असता, पण लेकीच्या आडून जावेशी बोलणं मला पटलं नाही. तुझा धुळ्याचा पत्ता ह्यांच्याकडून घेतला. हे आणि योगराज भाऊजी, भाऊभाऊ, महिन्यातून एकदा बोलतात हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. आबांना ते ठाऊक नाही असं घरात सगळे धरून चालतात, आबासुद्धा.

पत्राला खास कारण नाही. एक बातमी आहे. मी बारावीला बसते आहे.

हसून घे. सतरा नंबरचा फॉर्म भरला, बाहेरून. पाचोऱ्याला अकरावी झाली आणि लग्न झालं, ते राहिलेलं वर्ष आता त्रेचाळिसाव्या वर्षी काढते आहे. विषय निवडताना ज्योत्स्ना म्हणाली, "मम्मी, तर्कशास्त्र घे. पाठांतर कमी, मार्क जास्त." तिच्या बापाने विचारलं, "त्याच्यात काय शिकवतात?" ती म्हणाली, "नीट विचार कसा करायचा ते." हे म्हणाले, "आणि त्याच्यासाठी अमळनेरला जावं लागतं?"

जावं लागतं. तिथे सुकदेव सर म्हणून एक निवृत्त प्राध्यापक आहेत. दर रविवारी घराच्या व्हरांड्यात आम्हा चौघांना फुकट शिकवतात. दोन पोरी, एक बँकेतले वॉचमन आणि मी. पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर लिहिलं: सर्व केळी निळी असतात. हा घड केळीचा आहे. म्हणून हा घड निळा आहे. मग मला विचारलं, "असोद्याच्या बाई, बरोबर की चूक?"

मी म्हटलं, "चूक. चोवीस वर्षं केळी काढतेय सर, निळा घड बघितला नाही."

"केळीबद्दल मी विचारलंच नाही," सर म्हणाले. "पहिली दोन वाक्यं खरी धरली तर तिसरं मानावं लागतं का, एवढंच विचारलं."

मानावं लागतं. म्हणजे युक्तिवाद वैध आहे, फक्त त्याचं पहिलं विधान खोटं आहे. घरी येईपर्यंत गाडीत माझं डोकं भणभणत होतं. माल खोटा, पण बांधणी पक्की. आणि याच्या उलटही होत असणार, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही.

एक विचारायचं होतं, अभ्यासासाठी. त्या साली तुझ्या शेडमधून केळीची रोपं आपल्याशिवाय अजून कोणाकडे गेली होती? त्याच लॉटची?

— मोहिनी


असोदा
रविवार, २२ डिसेंबर २०२४

दिपमाला,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, तरी पोस्टमन दिसला की गेटपर्यंत जाते.

'अभ्यासासाठी' हे मी खोटं लिहिलं होतं. आता नीट सांगते.

गेल्या तीन रविवारी सरांनी 'जर-तर'ची वाक्यं घेतली. 'जर'च्या मागचं ते पूर्वांग, 'तर'च्या पुढचं ते उत्तरांग. असं वाक्य खोटं ठरायची एकच वाट असते, हे माझ्या डोक्यात शिरेना. तेव्हा सरांनी विचारलं, "तुमचे मालक जळगावला जाताना काय सांगून जातात?" मी म्हटलं, "जळगावला गेलो तर शेव आणतो." सर म्हणाले, "छान. गेले आणि आणली, तर माणूस खरा. गेलेच नाहीत, आणली नाही, तरी खरा. गेले नाहीत पण गावातच कोणी दिली, म्हणून घेऊन आले, तरी खोटे म्हणता येत नाही. खोटे कधी?" मी म्हटलं, "गेले आणि हात हलवत आले तर." "झालं. ते एक कोष्टक पाठ." हे मी घरी सांगितलं तर हे म्हणाले, "म्हंजे चारातल्या तीन वेळा मी खरा? सरांना माझा नमस्कार सांग."

मग सरांनी पुढचं विचारलं. "घरात शेव आहे. म्हणजे मालक जळगावला गेले होते का?"

पोरी 'हो' म्हणाल्या. वॉचमन 'हो' म्हणाले. मीही तोंड उघडलं होतं, आणि उघडंच राहिलं. शेव शेजारणीने दिली असेल. ज्योत्स्नाने आणली असेल. सर म्हणाले, "उत्तरांग खरं आहे एवढ्यावरून पूर्वांगावर उडी मारता येत नाही. माणसं सगळ्यात जास्त इथेच चुकतात. घरात चुकतात, कोर्टातही चुकतात."

दिपमाला, मी वहीत पेन टेकवून तशीच बसले.

त्या सप्टेंबरमध्ये, श्रावणातल्या कानबाईचं विसर्जन होऊन तीन आठवडे झाले होते. ओट्यावर सगळे भाऊबंद बसलेले. तू आपल्या बागेतलं केळीचं पान हातात घेऊन उभी होतीस, पिवळ्या पट्ट्यांचं, हरण्या रोगाचं. तू म्हणत होतीस की माझ्या शेडमधल्या एका तरी रोपावर पट्टा दाखवा. आबांनी माझ्याकडे बघितलं, कारण घरातली शिकलेली सून म्हणून मला विचारतात. आणि मी म्हटलं, अगदी शांतपणे म्हटलं: "रोपं रोगट असली तर बाग पिवळी पडते. बाग पिवळी पडली आहे. म्हणजे रोपं रोगट होती. यात भांडायचं काय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. तीन वाक्यं, सरळ, स्वच्छ. आबा म्हणाले, "मोहिनीनं बरोबर सांगितलं." दसऱ्यापर्यंत तुझ्याकडची सगळी बुकिंगं रद्द झाली. दिवाळीनंतर तुम्ही शेडनेट उतरवलं आणि धुळ्याला गेलात. आता तू दुसऱ्याच्या नर्सरीत पिशव्या भरतेस असं कळतं. जिच्या हाताखाली आठ बाया होत्या ती.

तेव्हापासून तीन कानबाया झाल्या. प्रसादाच्या रोटासाठी आबा घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजतात. योगराज भाऊजींच्या नावाशी आले की मूठ थांबते, आणि पुढच्या नावाला जाते. 'जोवर ती चूक कबूल करत नाही तोवर नाही' हा आबांचा शब्द आहे. तो शब्द माझ्या तीन वाक्यांवर उभा आहे.

त्या वाक्यांत शेवेचीच चूक आहे. सातवीतल्या पोराला दाखवली तर तोही पकडेल. मला सापडायला सव्वातीन वर्षं आणि अमळनेरचे बारा रविवार लागले.

— मोहिनी


असोदा
रविवार, १९ जानेवारी २०२५

दिपमाला,

तुझं कार्ड मिळालं. 'बठ्ठा पत्र भेटनात. कॅरेट कोनी उतारात ते बेबाबाईले इचारा.' खाली सही नाही. रागावलीस की तू माहेरची बोली बोलतेस, तेव्हा सही कशाला हवी? मी ते कार्ड तर्कशास्त्राच्या पुस्तकात ठेवलं आहे.

पण आधी काय झालं ते ऐक. मागचं पत्र टाकल्यावर पुढच्या रविवारी मी सरांना सगळं सांगितलं, नावं सोडून. मला वाटलं सर म्हणतील, शाब्बास. सर म्हणाले, "म्हणजे तुमचा युक्तिवाद अवैध होता. बरं. पण त्यावरून रोपं चांगली होती हे सिद्ध झालं का?"

"झालं की सर."

"नाही झालं. वाईट बांधणीच्या घरातही खरा माणूस राहू शकतो. तुम्ही फक्त एवढं दाखवलंत की तुमच्या वाक्यांनी ते सिद्ध होत नव्हतं. त्या बाईंच्या नावावरचा डाग पुसायचा असेल तर उलट्या बाजूने यावं लागेल. रोपं रोगट असती तर आणखी काय काय व्हायला हवं होतं, ते शोधा. त्यातलं एक जरी झालेलं नसेल, तर पूर्वांग पडलं. उत्तरांग खोटं, तर पूर्वांग खोटं. ही वाट पक्की आहे."

मी नाल्यापलीकडे पुना तात्यांकडे गेले. त्याच दिवशी त्याच लॉटची रोपं त्यांच्याकडे गेली होती, हे तू न सांगताही मला आठवलं. विचारलं, "तात्या, तुमच्या बागेत त्या साली हरण्या होता?"

"एक झाड नव्हतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कोन्ही विचारलं का? तुमच्या घरचं भांडण, मी कामून मधात पडू?"

मी उड्या मारत अमळनेर गाठलं. सर म्हणाले, "चांगली रोपं तात्यांकडे गेली असतील आणि वाईट तुमच्याकडे. मग?" मला सरांचा राग आला. चहासुद्धा घेतला नाही. घरी आले तर तुझं कार्ड.

आपल्या वावरात लावणीला येणारी बेबाबाई आता गुडघ्यांमुळे कामाला जात नाही, पण जीभ तशीच आहे. मी विचारलं तर म्हणाली, "इतक्या वर्षांनी हिशोब घेते का व बाई? टेम्पो नाल्यात रुतला व्हता. बठ्ठे कॅरेट आम्ही बायकांनीच खाली उतरवले, एकाच ढिगात. मंग अर्धे पुना तात्याकडे, अर्धे तुमच्याकडे. जे हाती आलं ते उचललं. रोपाच्या कपाळावर काय नाव लिहेल असते?"

"आणि लावताना?"

"लावताना काय? निंबाखाली पुन्हा ढीग. जिचं घमेलं रिकामं झालं ती येऊन भरून नेते. कोनी मधात लावे, कोनी कडेले."

म्हणजे बघ. रोपं इतकी सरमिसळ झाली होती की रोग त्यांच्यातून आला असता तर वावरभर दिसला असता, इथे एक, तिथे दोन. आणि तात्यांकडेही. तो कुठे दिसला? मी ह्यांना विचारलं. हे उठले, गोठ्याच्या माळ्यावरून ठिबकच्या नळ्यांची वेटोळी खाली टाकली आणि म्हणाले, "मोज." नऊ. आजारी झाडं उपटली तेव्हा ज्या ओळी मोकळ्या झाल्या, त्यांच्या नळ्या ह्यांनी काढून ठेवल्या होत्या. पूर्वेच्या बांधाकडच्या सलग नऊ ओळी. दहाव्या ओळीपासून पुढे एक पान पिवळं नव्हतं.

मी वहीत लिहिलं आणि सरांपुढे ठेवलं. सरांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला. "आता हे कोणी पाडून दाखवावं," म्हणाले.

रोपं तुझी रोगट नव्हती, दिपमाला. हे मी म्हणत नाही, हे सिद्ध होतं.

सरांनी एवढंच विचारलं की मग रोग बांधाकडून कसा आला. मी म्हटलं, माहीत नाही.

— मोहिनी


असोदा
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

दिपमाला,

परीक्षा मंगळवारपासून आहे आणि मी पुस्तक मिटून हे लिहिते आहे, कारण मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं होतं.

पूर्वेच्या बांधावर गंगाफळाचे, लाल भोपळ्याचे, वेल होते. मी लावलेले.

तुला आठवत असेल, आदल्या वर्षी कानबाईच्या नैवेद्याला भाजीचं गंगाफळ बाजारातून आणलं म्हणून आबा कुरकुरले होते. "घरी इतकं वावर, आन मायच्या ताटात विकतचं." ते मला लागलं. त्या उन्हाळ्यात आखाजीच्या सणाला मी बांधावर बी टोकलं. वेल जोरात आले. जूनच्या शेवटी केळी लागली तेव्हा बांध हिरवागार होता. पण जुलैत पानं चुरमडली, त्यांच्यावर पिवळे ठिपके पडले, खालून मावा. फळं लिंबाएवढी, गाठाळ. कानबाईला आठ दिवस राहिले तेव्हा मी एका सकाळी एकटीने जाऊन सगळे वेल उपटले आणि उकिरड्यात गाडले. जळगावच्या बाजारातून चांगलं मोठं गंगाफळ आणलं. पंगतीत सांगितलं, बांधावरचं आहे.

आबांनी दोनदा भाजी घेतली.

त्यानंतर तीन आठवड्यांत केळीवर पट्टे दिसले, त्याच बांधाकडून. आता गेल्या आठवड्यात कृषी सहाय्यकांना विचारलं. ते म्हणाले, "काकडी, भोपळा, गंगाफळ, या वेलांवर तोच विषाणू राहतो, मावा तो केळीवर नेतो. केळीच्या कडेला वेल लावू नका, हे आम्ही दर मिटिंगमध्ये सांगतो." आणि रोगट वेल उपटला की त्यावरचा मावा उडून शेजारच्या कोवळ्या रोपांवरच बसतो.

मला ते तेव्हा माहीत होतं का? विषाणूचं नव्हतं. पण ओट्यावर ती तीन वाक्यं बोलताना ते वेल माझ्या डोळ्यांपुढे आले होते. आले आणि मी ते बाजूला सारले. रोगाचा संशय आला म्हणून नव्हे. वेलांचा विषय निघाला तर बाजारच्या गंगाफळाचा निघेल, या भीतीने. एका भाजीची लाज वाचवायला मी तुझी आठ बायांची रोपवाटिका बळी दिली.

वेलांमुळेच रोग आला हे मी सरांच्या कसोटीवर सिद्ध करू शकत नाही. शक्यता फार मोठी आहे, एवढंच म्हणता येतं. पण मी लपवलं, याला सिद्ध करायची गरज नाही. ते मी कबूल करते.

— मोहिनी


असोदा
गुरुवार, ८ मे २०२५

दिपमाला,

निकाल लागला. एकूण चौऱ्याहत्तर टक्के, तर्कशास्त्रात शंभरात एक्क्याण्णव. सरांनी अमळनेरहून स्वतः फोन केला. हे गावभर पेढे वाटत फिरले. ज्याने विचारलं, 'पोरगी पास झाली का?' त्याला म्हणाले, "पोरीची माय."

त्याच दिवशी तुझं दुसरं कार्ड आलं. तीन महिन्यांनी. 'माले सांगं ते बरं करं. आते बठ्ठासले सांगा.'

तुला सांगणं सोपं होतं, ते पोस्टाने झालं. बठ्ठ्यांना म्हणजे आबांना, भाऊबंदांना. त्याच ओट्यावर. कानबाईचं ताट खोटं होतं हेही सांगावं लागेल, नाहीतर रोग आला कुठून याचं उत्तर राहतं आणि लोक पुन्हा तुझ्या रोपांकडे वळतील. मला भीती वाटते, खरं सांगते. चोवीस वर्षं या घरात 'मोहिनी म्हणेल ते बरोबर' असं चाललं आहे. ते जाईल.

पण सांगेन. रोटाचा गहू मोजायला सगळे जमतात त्या दिवशी.

— मोहिनी


असोदा
रविवार, २७ जुलै २०२५

दिपमाला,

हे उद्या सकाळी स्पीड पोस्टाने टाकते, मंगळवार-बुधवारपर्यंत तुझ्या हातात पडेल.

आज सगळे जमले होते. बायका गहू निवडत होत्या, पुरुष चहा घेत होते. आबा भिंतीला टेकून परात पुढ्यात घेऊन बसले. मी खडू घेऊन ओट्यावर गेले आणि म्हटलं, "आबा, मोजायच्या आधी मला पाच मिनिटं द्या. दिपमालाच्या रोपांबद्दल बोलायचं आहे."

आपले भाईदास भाऊजी, आबांचे पुतणे, ते कुठे गप्प बसतात? "बारावी पास झाली का वकील झाली व वहिनी?"

मी म्हटलं, "भाऊजी, माणूस प्यायलेला असला तर अडखळतो ना?"

"अडखळतो."

"मघाशी तुम्ही आत येताना उंबऱ्याला अडखळलात. म्हणजे सकाळीच घेऊन आलात?"

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. भाऊजी लाल झाले. "अवं, चप्पल अडकली व्हती!"

"तेच म्हणते. अडखळायला दुसरं कारण असू शकतं. बाग पिवळी पडायलाही असू शकतं. चार वर्षांपूर्वी इथे बसून मी जे बोलले, ते तुमच्यावर लावलं तर तुम्ही बेवडे ठरता. आणि दिपमालावर लावलं तेव्हा तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या."

हशा थांबला. मी फरशीवर लिहिलं:

रोग रोपांतून आला असता, तर तो वावरभर विखुरलेला दिसला असता.
तो विखुरलेला दिसला नाही.
म्हणून रोग रोपांतून आला नाही.

"आता ज्याला पाडायचं त्याने पाडा," मी म्हटलं. "पहिलं वाक्य पाडा, नाहीतर दुसरं. तिसऱ्याला हात लावता येत नाही."

भाईदास भाऊजींनी पहिल्याला हात घातला. वाईट कॅरेट एकीकडे लागले असतील, म्हणाले. मी बेबाबाईला आधीच बोलावून ठेवलं होतं. ती पायरीवरूनच ओरडली, "कॅरेट मी उतरवले का तुम्ही?" आणि नाल्यापासून निंबापर्यंत सगळं ऐकवलं. दुसऱ्याला हात घालणाऱ्यांपुढे ह्यांनी नऊ वेटोळी आणून टाकली. पुना तात्या उठले, म्हणाले, "मह्या बागेत एक पान पिवळं नव्हतं. मी बोललो नई, ही मही चूक." अख्ख्या आयुष्यात तात्या एवढं बोललेले मी ऐकले नाहीत.

आबा फरशीकडे बघत होते. वाचायला त्यांना वेळ लागतो, पण त्यांनी तिन्ही ओळी बोट ठेवून वाचल्या. मग विचारलं, "मंग हरण्या आला कोठून?"

तो प्रश्न येणार हे मला माहीत होतं. मी उभ्याने सांगितलं. वेल, मावा, उकिरडा, बाजार, पंगत. एकही गाळलं नाही. माझ्या शेजारच्या बायांचे गहू निवडणारे हात थांबले.

आबा म्हणाले, "त्या साली मी दोनदा भाजी घेतली व्हती."

"हो आबा."

"बजारची व्हती?"

"हो."

मला वाटलं, आता परात उचलून आत जातील. ते म्हणाले, "मायले बजारचं चाललं. तिनं काही म्हटलं नई. कुरकुरलो मी." मग डोळे पुसले की घाम पुसला, मला दिसलं नाही. "लहान सुनेले मी चार वर्षं गुन्हेगार केलं, आन मोठीले खोटं बोलायले लावलं. एका फळापायी."

मग त्यांनी परात ओढली आणि मोजायला लागले. एकेक नाव, एकेक सव्वा मूठ. योगराज भाऊजींचं नाव आलं. मूठ थांबली नाही. सव्वा मूठ परातीत पडली. ह्यांनी मान खाली घातली आणि नाक ओढलं, सर्दी झाल्यासारखं.

आता पुढचं नाव, म्हणून सगळे वाट बघत होते. आबांनी पुन्हा मूठ भरली आणि म्हणाले, "दिपमाला."

भाईदास भाऊजी म्हणाले, "काका, बाईमाणसाची मोजत नाहीत."

"मी मोजू राह्यलो ना?" आबा म्हणाले, आणि मूठ परातीत सोडली. वर पाव मूठ टाकली, तीही शिगोशीग.

या घरात बाईच्या नावाने रोटाचा गहू पडलेला मी आज पहिल्यांदा बघितला. बेबाबाईने पायरीवरून टाळ्या वाजवल्या, मग सगळ्याच बायकांनी. माझी मूठ मोजली नाही. मी विचारलंही नाही. बाजारचं गंगाफळ खाऊ घातलेल्या बाईने यंदा तरी विचारू नये.

निघताना पुना तात्या माझ्यापाशी थांबले. कांदेबागेला, दसऱ्याच्या सुमारच्या केळीच्या लागणीला, त्यांना तीन हजार रोपं हवी आहेत. "तिले सांगजो, तिच्याच हातची पाहिजे." मग भाईदास भाऊजी घुटमळत आले. त्यांना दोन हजार. ते म्हणाले, "वहिनी, ते बेवडं म्हटलं तेवढं लिहू नका." लिहिलं.

पुढच्या रविवारी कानबाई आहे. तुला ठाऊक आहे, रोट भाऊबंदांबाहेर कोणाला देत नाहीत, आणि एकाच्या नावाचा दुसऱ्याने खायचा नसतो. तू राग सोडून ये असं मी म्हणत नाही, तो तुझा आहे, हवा तेवढे दिवस ठेव. पण तुझ्या नावाचा गहू आज दुपारीच दळायला गेला.

— मोहिनी